भंडारदऱ्याला पहिल्यांदा जाताना: मित्रांसोबतच्या दोन दिवसांची आखणी

भंडारदऱ्याला जायचं ठरलं की ग्रुपवर सगळ्यात आधी ठिकाणांची यादी पडते. कळसूबाई, रतनगड, सांदण दरी, काजवे, धबधबे, तलावाकाठी तंबू, आणि हे सगळं एका शनिवार-रविवारात. ती यादी तूर्त बाजूला ठेवा. काजवे आणि तुडुंब धबधबे एका सहलीत भेटत नाहीत. पावसाळ्यात सांदणमध्ये उतरता येत नाही. आणि शनिवारी कळसूबाई चढून आलेला नवखा माणूस रविवारी रतनगडाच्या शिड्यांकडे मान वर करून बघायलाही तयार नसतो. इथं आधी महिना ठरवायचा, मग सोबत कोण येतंय ते बघायचं, ठिकाणं सगळ्यात शेवटी.

आधी नकाशा डोक्यात बसवा

भंडारदरा अकोले तालुक्यात येतं, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा ब्रिटिशांनी इथं अडवली. धरणाचं काम १९१० ते १९२६ असं चाललं आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. मागच्या तलावाला आर्थर लेक म्हणतात. ८२ मीटर उंचीच्या या दगडी भिंतीमागे ११ टीएमसी (म्हणजे ११ अब्ज घनफूट) पाणी साठतं आणि ते खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडच्या शेतांना जातं. म्हणून उन्हाळ्यात तलाव उतरलेला, काठ चिखलाचा आणि भेगाळलेला दिसला तर नवल वाटून घेऊ नका. हे आधी धरण आहे, पर्यटनस्थळ नंतर.

धरणाला लागून असलेलं गाव शेंडी. एसटीच्या पाटीवर ‘भंडारदरा’ शोधत बसलात तर गाडी निघून जाईल, ‘शेंडी’ किंवा ‘राजूर’ वाचा. हॉटेलं, खाणावळी, गाइड, जीपवाले, सगळं शेंडीत. तिथून एक रस्ता तलावाला पूर्ण वळसा घालतो: शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. वळसा चाळीस-पन्नास किलोमीटरचा आहे, पण घाटरस्ता, खड्डे आणि दर दोन वळणांनी ‘थांब, थांब, फोटो’ असं ओरडणारी मंडळी धरली तर अख्खा दिवस जातो. बघण्यासारखं जवळपास सगळं या वळशावर किंवा त्याला लागून आहे. कळसूबाई आणि रंधा धबधबा एवढी दोन मोठी ठिकाणं बाहेर राहतात, तीही दोन विरुद्ध दिशांना.

महिना कोणता?

मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा काजव्यांचा. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे लखलखायला लागतात. घाटघर, पांजरे, मुरशेत, रतनवाडी या भागात ते भरपूर असतात. एखादं झाड आख्खं पेटतं आणि विझतं, बाजूचं झाड त्याला उत्तर दिल्यासारखं पेटतं. पण हा त्यांचा विणीचा हंगाम आहे, आणि आपण तिथं बिनबोलावता गेलेलो असतो. नर चमकून मादीला खूण देतो, मादी बऱ्याचदा खाली गवतात, झुडपात असते. मोबाइलची बॅटरी पेटवली, गाडीचे दिवे झाडावर मारले की ती खूण बुजते, आणि झाडाखाली धुडगूस घातला की मादी पायाखाली जाते. एक-दोन काजवे बाटलीत भरून घरी नेणारे महाभागही दरवर्षी दिसतात. तसला मित्र गटात असेल तर त्याला दुसऱ्या महिन्यात न्या. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि काजव्यांच्या दिवसांत रात्रीच्या प्रवेशावर वन्यजीव विभागाचे निर्बंध असतात. शेंडीत पोचल्या पोचल्या त्या वर्षीच्या वेळा विचारून घ्या. शनिवारी रात्री काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त असतात. एक रजा टाकून मंगळवार-बुधवारी जा, खरा काजवा तेव्हाच दिसतो.

जुलै-ऑगस्ट म्हणजे पाऊस, आणि नुसता पाऊस. घाटघरला ‘नगर जिल्ह्याची चेरापुंजी’ म्हणतात ते उगाच नाही. धबधबे, धुकं, भाताची लावणी बघायची असेल तर हेच दिवस. मात्र या दिवसांत ‘व्ह्यू’ मागू नका. दोन-दोन तास दहा फुटांपलीकडचं काही दिसत नाही. धरण साधारण १५ ऑगस्टच्या आसपास भरतं आणि त्या सुटीला सगळा नाशिक, मुंबई, पुणे इथं लोटतो. ती एक तारीख टाळा.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर: पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हेच दिवस सुचवीन. तलाव काठोकाठ, धबधबे अजून वाहते, डोंगरउतारांवर सोनकीची पिवळी चादर, आणि आकाश उघडलेलं असल्यामुळे अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांपासून रतनगडापर्यंत सगळी रांग दिसते. गर्दीही ओसरलेली असते.

डिसेंबर ते फेब्रुवारी थंडीचे, तंबूचे आणि सांदण दरीचे. मार्चनंतर उन्हाचा चटका. करवंदं-जांभळांसाठी मे बरा, काजवे येईपर्यंत बाकी काही नाही.

कोण कोण येतंय?

सहा जण आणि एक मोठी गाडी, किंवा आठ जण आणि दोन गाड्या. त्याहून मोठा गट नेऊ नका. पंधरा जणांचं जेवण वाढून होईपर्यंत पहिल्या ताटातली भाकरी थंड झालेली असते.

गटात रोज पळणारा एक आणि जिना चढताना दम लागणारे तीन असतील तर किल्ला-शिखर सोडून द्या. तलावाचा वळसा, रतनवाडीचं देऊळ आणि घाटघरचा कडा यात दोन दिवस मजेत जातात. ‘अर्धे वर जाऊ, अर्धे खाली थांबू’ हे कागदावर छान वाटतं. प्रत्यक्षात खालचे कंटाळतात, वरच्यांना घाई होते, आणि डोंगराच्या पोटात मोबाइलला रेंज नसल्यामुळे कोण कुठं आहे याचा पत्ता लागत नाही.

कॉन्ट्री आधीच काढा. एकाकडे पैसे जमा करा आणि त्यातली बरीच रक्कम रोख ठेवा. साम्रद, घाटघर, रतनवाडीत नेटवर्क दगा देतं आणि ‘मावशी, गुगल पे चालेल का?’ या प्रश्नाला मावशी ‘रेंज आली तर चालंल’ असं खरं उत्तर देतात. एटीएम आणि पेट्रोल यांचं काम घोटीत किंवा राजूरलाच उरकून घ्या. आणि गाडी कोण चालवणार हे निघण्याआधी ठरू द्या. ज्याच्या हातात चावी, त्याच्या हातात ग्लास नाही. या रस्त्यांना दिवे नाहीत, धुक्यात कठडाही दिसत नाही.

पोचायचं कसं?

मुंबईहून अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी आणि तिथून बारीमार्गे शेंडी. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून चारचाकीवाल्यांना कसारा घाट टाळता येतो. दुचाकीला तिथं परवानगी नाही, बाइकवाल्यांनी जुनाच रस्ता धरावा. गाडी नसेल तर पहाटेची कसारा लोकल पकडा किंवा एक्स्प्रेसनं इगतपुरीला उतरा, पुढं जीपनं घोटी, घोटीहून राजूरकडे जाणारी एसटी किंवा काळी-पिवळी. पुण्याहूनही अंतर साधारण तेवढंच: नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. आळेफाट्याच्या पुढं बोटा, ब्राह्मणवाडा, कोतूळवरून राजूरला जाणारा आडरस्ता देखणा आहे, पण अंधारात किंवा भर पावसात पहिल्यांदा त्या वाटेला जाऊ नका. नाशिककरांचं सोपं आहे, दोन तासांत शेंडी.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून मध्यरात्री पोचण्याची हौस असते. त्यापेक्षा शनिवारी पहाटे पाचला निघा. रात्री दोनला पोचून सकाळी दहाला उठणाऱ्यांचा पहिला दिवस तसाही फुकट गेलेला असतो.

पहिला दिवस: वळसा

दहा वाजेपर्यंत शेंडी. मिसळ, चहा, खोलीचं नक्की करून सामान टाकणं यात तासभर जाईल. मग धरण. भिंतीखालच्या बागेत जायची परवानगी त्या दिवशी आहे का ते विचारा. अंब्रेला फॉल इथंच आहे. धरणाच्या विमोचकातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, पाणी सोडलं की ते मोठ्या गोल खडकावरून छत्रीसारखं चहूबाजूंनी कोसळतं. आता मेख अशी की पाणी सोडलं असेल तरच. इंटरनेटवरचा फोटो बघून जानेवारीत आलेली मंडळी कोरड्या कातळासमोर उभी राहून एकमेकांकडे बघत असतात.

इथून मुतखेलच्या दिशेनं वळसा सुरू करा. उलट्या बाजूनंही जाता येतं, पण या दिशेनं गेलात तर घाटघरचा कडा संध्याकाळी येतो आणि तो पश्चिमेला तोंड करून उभा आहे. वाटेत वन्यजीव विभागाच्या नाक्यावर प्रवेश शुल्क भरा, पावती खिशात ठेवा, पुढं कुणी विचारलं तर तीच दाखवायची. पावसाळ्यात कोलटेंभे ते रतनवाडी या पट्ट्यात धबधबे थेट रस्त्यालगत येतात. न्हाणी आणि नेकलेस ही दोन नावं कुणालाही विचारा. पाण्याच्या बरोबर खाली उभं राहू नका, वरून पाण्याबरोबर दगडही येतात.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ. इथं मात्र घाई नको. शिलाहारांच्या काळातलं हे काळ्या पाषाणाचं देऊळ आहे. शिखर पायापासून कळसापर्यंत कोरीव, आतल्या खांबांवर आणि छतावर बघाल तितकी नक्षी. भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. देवळाजवळची पुष्करिणी बहुतेक गट बघतच नाहीत, देऊळ झालं की चहाच्या टपरीकडे वळतात. पाच मिनिटं चालून ती बघा: चौकोनी दगडी कुंड, चारी बाजूंनी देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे, आणि त्यात विष्णूच्या मूर्ती. प्रवरेला इकडे अमृतवाहिनी म्हणतात आणि समुद्रमंथनाची गोष्ट थेट या डोंगराशी जोडतात. राहूचं शीर उडालं आणि घशातल्या अमृताची धार इथून वाहिली, असं गावातला कुणीही सांगेल. एखाद्या म्हाताऱ्या बाबांपाशी बसून ऐका.

जेवण रतनवाडीत किंवा साम्रदला, गावातल्याच एखाद्या घरी. पण एक लक्षात ठेवा: इथं मेनूकार्ड नसतं. सकाळी निघतानाच फोन करून किती ताटं ते सांगा. तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा भात. गावठी कोंबडी हवी असेल तर दोन-तीन तास आधी सांगावं लागतं, आणि ते कारण उघड आहे. हा महादेव कोळी आणि ठाकर समाजाचा मुलूख. इंग्रजांविरुद्ध बंड करून २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. देशी वाणांच्या बियाण्यांसाठी पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. तेव्हा ‘मागास भागातली साधी माणसं’ असल्या थाटात बोलू नका. मामा, मावशी, दादा म्हणा, ताटात घेतलेलं संपवा, आणि भाव करायचाच असेल तर जेवणाआधी करा.

चारच्या सुमारास घाटघर. कोकणकड्याच्या टोकाशी उभं राहिलं की जमीन एकदम संपते आणि खाली ठाणे जिल्हा पसरलेला दिसतो. समोर अलंग, मदन, कुलंग. अलीकडे दिसणारं पाणी घाटघर उदंचन प्रकल्पाच्या वरच्या धरणाचं. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपानं वर चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची, असा हा २५० मेगावॉटचा प्रकल्प. कड्यावर वारा ढकलतो. कठड्यापलीकडे सेल्फीसाठी जाणाऱ्याला कॉलर धरून मागं ओढणारा एक तरी मित्र गटात असावा. पावसाळ्यात मात्र सूर्यास्ताची वाट बघू नका. धुक्यात सूर्य दिसणार नाहीच. पाचला निघा आणि उजेडात पांजऱ्यामार्गे शेंडी गाठा.

मुक्काम

एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवासस्थान तलावाला लागूनच आहे, जागा चांगली, पण आधीच आरक्षण करावं लागतं. शेंडीत लहान-मोठी हॉटेलं भरपूर. मला विचाराल तर थंडीत तंबू, पावसात गावातलं पक्कं घर. जुलैत तंबूत राहण्याच्या जाहिराती येतात, त्यांना भुलू नका, रात्री बारानंतर सगळे जण गाडीत झोपलेले असतात. तंबूवाल्याला तीन गोष्टी आधी विचारा: स्वच्छतागृह किती लांब आहे, बायकांसाठी वेगळं आहे का, आणि रात्री दहानंतर गाणी बंद होतात का. तिसऱ्याचं उत्तर ‘डीजे आहे ना दादा!’ असं आलं तर दुसरा तंबूवाला बघा.

पोहायचं नाही. यावर गटात चर्चाही नको. तलावाचा काठ नदीच्या वाळूसारखा सरळ उतरत नाही. पाण्याखाली बुडालेली शेतं, बांध, ओहोळांचे खड्डे आहेत, आणि गुडघाभर पाण्यातून पुढच्या पावलाला माणूस गळ्यापर्यंत जातो. खाली प्रवरेच्या पात्राचंही तेच. मे २०२४ मध्ये अकोले गावाजवळ सुगावला बुडालेल्यांचा शोध घ्यायला आलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. प्रशिक्षित जवानांची ही गत, तिथं आपण हॉटेलच्या टँकमध्ये शिकलेले. बोटीत बसलात तर लाइफ जॅकेट अंगात घालून बक्कल लावा, मांडीवर ठेवू नका.

दुसरा दिवस: एकच मोठं काम

कळसूबाई, रतनगड, सांदण. यातलं एक निवडा.

कळसूबाई राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. वाट बारी गावातून, ठळक, चुकण्यासारखी नाही. कातळटप्प्यांना लोखंडी शिड्या आहेत. नवख्यांना वर जायला तीनेक तास, उतरायला दोन-अडीच. पहाटे साडेपाचला बारीतून निघालात तर ऊन चढायच्या आत वर असता. वर कळसू देवीचं छोटं मंदिर आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी शिड्यांना रांग लागते आणि ओल्या शिडीवर मागून ‘चला, चला’ करणारे असतात. गर्दीची भीती वाटत असेल तर पावसाळा सोडून या. वाटेत चहा, लिंबू सरबत, काकडी मिळते, त्यामुळे पाठीवर स्वयंपाकघर नेऊ नका. माणशी दोन लिटर पाणी मात्र हवंच.

रतनगड सुमारे १३०० मीटर, रतनवाडीतून जंगलातली वाट. चढ कळसूबाईपेक्षा कमी, सावली जास्त, बघायला पुष्कळ. शेवटी शिड्या, मग गणेश दरवाजा, रत्नाईची गुहा, राणीचा हुडा (बुरूज) आणि सगळ्यात वर नेढं, म्हणजे डोंगराला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की वारा असा सुटतो की टोपी हातात धरावी लागते. जंगलात फाटे फुटतात, म्हणून रतनवाडीतला वाटाड्या घ्या. दोघांमध्ये निवड करायची तर माझं मत रतनगडाला. कळसूबाईवर ‘सगळ्यात उंच’ हे समाधान मिळतं, रतनगडावर दिवस मिळतो.

सांदण साम्रद गावाच्या कडेला जमिनीला पडलेली भेग आहे. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मधे काही ठिकाणी जेमतेम दोन माणसं जातील एवढी जागा. ‘आशियातली दुसऱ्या क्रमांकाची दरी’ वगैरे मजकूर दिसेल. क्रमांक कुणी लावला ते विचारू नका, दरी त्याशिवायही जबरदस्त आहे. खाली मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरत जायचं, वाटेत पाण्याची डबकी लागतात, गुडघ्यापासून कमरेपर्यंत. म्हणून मोबाइल-पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पायात पकड असलेले बूट, जे भिजले तरी रडू येणार नाही. नवख्यांनी दोर लावून उतरायच्या पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन परत फिरायचं, तीन-चार तास पुरतात. पुढं कोकणात उतरणारा भाग दोर आणि अनुभवी संस्था सोबत असेल तरच. वर ढग दिसत असतील, आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर उतरूच नका. चिंचोळ्या घळीत पाणी आलं तर बाजूला व्हायला जागा नाही. जाणार असाल तर शनिवारचा मुक्काम शेंडीऐवजी साम्रदलाच करा, सकाळी सातला दरीच्या तोंडाशी असाल.

परतताना

रंधा धबधबा शेंडीहून राजूरच्या वाटेवर आहे, म्हणून पुणेकरांना तो आपसूक मिळतो. मुंबई-नाशिककरांना उलटं जाऊन यावं लागतं. प्रवरा इथं १७० फूट खाली उडी घेते, शेजारी घोरपडा देवीचं मंदिर आहे. याचंही गणित धरणाच्या पाण्यावर. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी सोडलं असेल तर उलटं जायचे कष्ट जरूर घ्या, एरवी मुंबईकरांनी सोडून दिला तरी चालेल.

राजूरला पेढे घ्या. खाताना ‘घरी न्यायचेत’ असं कुणीतरी म्हणतं, म्हणून किलोभर जास्तच घ्या. कॉन्ट्रीचा हिशेब गाडीत बसल्या बसल्याच मिटवा, सोमवारी कुणाला काही आठवत नाही. आणि रविवारी दुपारी तीनच्या आत शेंडी सोडा: चारनंतर बारी ते घोटी रस्त्यावर कळसूबाई उतरलेल्यांच्या बस सुटतात, पुढं महामार्गावर नाशिकहून परतणारी मुंबई भेटते, आणि पुणेकरांची गाडी आळेफाट्याला अडकते.